ठरवून घडवलेली भाषा : एस्पेरांतो



मागच्या बुधवारी मधल्या सुट्टीत मी हातपाय धुवायला हौदाजवळ गेलो होतो. लिंबाखाली सहावी-सातवीच्या पोरापोरींचा घोळका बसला होता. तेवढ्यात फडावरच्या कोप्यांमधून नव्याने शाळेत येऊ लागलेली मुलगी डबा घेऊन तिकडे वळली. लगेच घोळक्यातून आवाज आला, "चती चलीआ, चकान चलूबो!" सगळे फिदीफिदी हसले. ती मुलगी थबकली आणि डबा तसाच घेऊन व्हरांड्यात परत गेली.

तुम्हाला वाटलं असेल, गुरुजींना काय कळतंय! पण बरं का, आम्हीही लहानपणी हीच 'च'ची भाषा बोलत होतो. शब्दाचं पहिलं अक्षर उचलायचं, शेवटी टाकायचं आणि पुढे 'च' जोडायचा. 'पाणी' म्हणजे 'चणीपा', 'शाळा' म्हणजे 'चळाशा'. तेव्हा "ती आली, नका बोलू" हे मला सरळ कळलं. नंतर वर्गात चौकशी केली, तर एकजण म्हणाला, "गुरुजी, ती घरी कसलं तरी बोलते. प्रत्येक वाक्यात 'छ' लावते. मग आम्ही 'च' लावला तर काय बिघडलं?"

मी त्या वेळी कोणाला शिक्षा केली नाही. पण तो प्रश्न डोक्यात राहिला. म्हणून या वेळच्या भित्तिपत्रकात मी तुम्हाला एका भाषेची गोष्ट सांगणार आहे. ही भाषाही ठरवून केलेली आहे. पण ती कोणाला बाजूला ठेवायला केलेली नाही, सगळ्यांना जवळ आणायला केलेली आहे. तिचे नाव आहे एस्पेरांतो.

चार भाषांचे गाव

आज पोलंड देशात बियालिस्तोक नावाचे शहर आहे. दीडशे वर्षांपूर्वी ते रशियाच्या साम्राज्यात होते. तिथे १५ डिसेंबर १८५९ रोजी एका ज्यू कुटुंबात लुडविक झामेनहोफ या मुलाचा जन्म झाला. त्या गावात चार प्रकारचे लोक राहत. रशियन लोक रशियन बोलत, पोलिश लोक पोलिश, जर्मन लोक जर्मन आणि ज्यू लोक यिडिश. बाजारात, रस्त्यात सगळे एकमेकांना भेटत, पण एकाचे बोलणे दुसऱ्याला धड कळत नसे. त्यातून संशय, चेष्टा, भांडणे आणि मारामाऱ्याही होत.

छोटा लुडविक हे पाहत होता. घरी त्याला शिकवले होते की सगळी माणसे भाऊ-भाऊ आहेत. पण रस्त्यावर त्याला माणूस कुठे दिसेना. दिसत ते नुसते रशियन, पोलिश, जर्मन आणि ज्यू. पुढे मोठेपणी एका पत्रात त्याने ही आठवण लिहून ठेवली आहे. त्याच्या मनाने घेतले की मोठे झाल्यावर हे दुःख दूर करायचे. मोठ्या माणसांच्या हातात सगळी शक्ती असते असे लहान मुलांना वाटते, तसेच त्यालाही वाटत होते.

त्याने विचार केला, सर्वांनी एकच भाषा बोलायची ठरवली तर? पण कोणती? रशियन घेतली तर पोलिश माणूस रागावेल. जर्मन घेतली तर रशियन रागावेल. ज्याची भाषा घेऊ तो मालक होईल आणि बाकीचे पाहुणे होतील. मग एकच वाट उरली. जी कोणाचीच नाही अशी नवी भाषा करायची. तीही सोपी. आणि ती घरच्या भाषेच्या जागी नाही, तर घरच्या भाषेच्या जोडीला, दुसरी भाषा म्हणून सर्वांनी शिकायची. ही शेवटची गोष्ट नीट ध्यानात ठेवा.

पाटीवरून सुचलेली युक्ती

भाषा करायची म्हणजे हजारो शब्द करायचे. ते पाठ कोण करणार? लुडविक या काळजीत असताना एक मजा झाली. त्याचे घरचे आता वॉर्सा शहरात राहायला आले होते. रस्त्याने जाताना त्याने दुकानांच्या रशियन पाट्या वाचल्या. एका पाटीवर पहारेकऱ्याच्या खोलीचे नाव होते, दुसरीवर मिठाईच्या दुकानाचे. दोन्ही शब्दांचा शेवट सारखाच होता, 'स्काया'. त्याच्या लक्षात आले, अरे, एकच शेपूट लावून कितीतरी शब्द होतात!

आपल्याकडेही हे आहेच की. 'दवाखाना', 'छापखाना', 'कारखाना'. दवा ठाऊक असेल आणि 'खाना' ठाऊक असेल, तर 'दवाखाना' वेगळा पाठ करावा लागत नाही. लुडविकने ठरवले, मूळ शब्द थोडे घ्यायचे आणि त्यांना पुढे-मागे ठरावीक तुकडे जोडून बाकीचे शब्द करायचे.

१८७८ साली, शाळेत असतानाच, त्याने पहिली भाषा तयार केली आणि मित्रांबरोबर तिचा छोटासा समारंभही केला. पुढे तो डॉक्टरकी शिकायला मॉस्कोला गेला. त्याचे वडील भाषेचे शिक्षक होते. पोराने या वेडापायी अभ्यास सोडू नये म्हणून त्यांनी ती कागदपत्रे ठेवून घेतली. नंतर ती जाळून टाकली असे सांगतात. पण लुडविकने सगळे पुन्हा लिहिले आणि आधीपेक्षा सोपे केले. बाळांनो, वही हरवली म्हणून गृहपाठ सोडणाऱ्यांनी हे वाचावे!

तो डोळ्यांचा डॉक्टर झाला. २६ जुलै १८८७ रोजी वॉर्सात त्याचे छोटे पुस्तक निघाले, रशियन भाषेत. छापायचा खर्च त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांनी केला. पुस्तकावर त्याने स्वतःचे नाव घातले नाही. 'डॉक्टर एस्पेरांतो' असे टोपणनाव घातले. एस्पेरांतो म्हणजे 'आशा बाळगणारा'. पुढे लोक भाषेलाच ते नाव देऊ लागले. पुस्तकात व्याकरण होते आणि सुमारे नऊशे मूळ शब्द होते. शिवाय त्याने लिहून टाकले की या भाषेवर माझा काही हक्क नाही, ती सर्वांची आहे.

आता आपण ही भाषा थोडी शिकूया. वही-पेन्सिल घ्या.

आवाज

एस्पेरांतोची अक्षरे रोमन लिपीतली आहेत. एकूण अठ्ठावीस. त्यांतली सहा अक्षरे खास आहेत, कारण त्यांच्या डोक्यावर टोपीसारखी किंवा वाटीसारखी खूण असते. आपण मात्र इथे देवनागरीतच लिहू.

पहिला आणि मोठा नियम : एका अक्षराचा एकच आवाज. जसे लिहिले तसे वाचायचे, जसे ऐकले तसे लिहायचे.

स्वर फक्त पाच : आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाची भानगडच नाही! 'पाणी'चा णी पहिला की दुसरा, हा प्रश्न तिथल्या पोरांना पडत नाही. शुद्धलेखनात ज्यांच्या वहीवर लाल शाईचा पाऊस पडतो, त्यांना ही भाषा नक्की आवडेल.

व्यंजनांत ट, ठ, ड, ढ, ण, ळ नाहीत. ख, घ, थ, ध, भ अशी हकार मिसळलेली व्यंजनेही नाहीत. पण एक आवाज आहे, जो पुष्कळ लोकांना अवघड वाटतो आणि मराठी पोरांना मात्र आयता येतो. तो म्हणजे 'चमचा'तला च.

नीट म्हणून पाहा : 'चमचा', 'चोर'. आता म्हणा : 'चिमणी', 'चेहरा'. दोन्ही ठिकाणी अक्षर एकच, पण आवाज दोन. 'चोर' म्हणताना जीभ दातांजवळ लागते. 'चिमणी' म्हणताना ती मागे, टाळूकडे जाते. आपण दोन आवाजांना एकच अक्षर वापरतो आणि कोणता कुठे म्हणायचा हे आईच्या तोंडून ऐकून शिकतो. बाहेरून आलेला माणूस म्हणूनच 'चोर' चुकीचा म्हणतो आणि आपण त्याला हसतो. एस्पेरांतोत 'चोर'च्या च ला वेगळे अक्षर आहे आणि 'चिमणी'च्या च ला वेगळे. तिथे नवख्या माणसाची फजिती होत नाही.

ज चेही तसेच. 'जेवण', 'जिल्हा' यांतल्या ज ला एक अक्षर. 'बाजार'मधल्या ज च्या जवळच्या आवाजाला दुसरे अक्षर.

आघाताचा नियम एकच. शब्दातल्या शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर द्यायचा. 'एस्पेरांतो' म्हणताना 'रां'वर जोर. रेडिओला म्हणतात 'रादिओ', त्यात 'दि'वर जोर. अपवाद नाही.

शब्दाचे शेपूट पाहा, जात ओळखा

मराठीत नाम, विशेषण, क्रियाविशेषण ओळखायला किती घाम फुटतो! एस्पेरांतोत शेवटचा स्वर पाहिला की काम झाले.

नामाच्या शेवटी 'ओ' : लिब्रो (पुस्तक), आर्बो (झाड), आक्वो (पाणी), हुंदो (कुत्रा), दोमो (घर).

विशेषणाच्या शेवटी 'आ' : बोना (चांगला), ग्रांदा (मोठा), नोवा (नवा).

क्रियाविशेषणाच्या शेवटी 'ए' : बोने (चांगल्या रीतीने).

अनेकवचन करायला शेवटी 'य' जोडा : लिब्रो, लिब्रोय. आर्बो, आर्बोय. विशेषणालाही तोच 'य' लावायचा : नोवाय लिब्रोय म्हणजे नवी पुस्तके. आपल्याकडे 'झाड-झाडे', 'काठी-काठ्या', 'भिंत-भिंती', 'दगड-दगड' असे किती प्रकार! तिथे प्रकार एक.

आणि लिंग? आपण 'तो दगड, ती काठी, ते झाड' म्हणतो. दगड पुल्लिंगी का, हे मला आजवर कोणी विचारले तर मी "पाठ कर" एवढेच सांगतो. एस्पेरांतोत दगड, काठी, झाड यांना लिंगच नाही. माणसांसाठी मात्र 'ली' म्हणजे तो आणि 'शी' म्हणजे ती असे शब्द आहेत.

कर्म ओळखायला शेवटी 'न' लावतात. 'ला हुंदो विदास ला कातोन' म्हणजे 'कुत्रा मांजराला पाहतो'. विदास म्हणजे पाहतो, कातो म्हणजे मांजर. यातला 'ला' मराठीतला प्रत्यय नव्हे हं. 'तो ठरावीक' अशा अर्थाचा तो एक छोटा शब्द आहे आणि नामाच्या आधी येतो. आता शब्दांची उलटापालट करा : 'ला कातोन विदास ला हुंदो'. तरीही पाहणारा कुत्राच, कारण 'न' मांजराला चिकटलेला आहे. मराठीतही 'मांजराला कुत्रा पाहतो' म्हटले तरी अर्थ बदलत नाही. म्हणजे हा नियम आपल्याला घरचाच आहे.

क्रियापद : आस, इस, ओस

हे तर पाच मिनिटांत येते.

मी लेगास : मी वाचतो, मी वाचते.
मी लेगिस : मी वाचले.
मी लेगोस : मी वाचीन.
लेगु : वाच, वाचा.
लेगी : वाचणे.

'मी' म्हणजे तिकडेही 'मी'च! 'आस' आला की वर्तमानकाळ, 'इस' आला की भूतकाळ, 'ओस' आला की भविष्यकाळ. माणूस बदलला तरी क्रियापद बदलत नाही. 'इरी' म्हणजे जाणे. आपण म्हणतो, तो गेला, ती गेली, ते गेले. तिकडे ली इरिस, शी इरिस, इली इरिस. शिवाय 'जाणे'चे 'गेला' कसे झाले, असला गोंधळही नाही. एकही क्रियापद अनियमित नाही.

आणखी एक गंमत. 'तू', 'तुम्ही', 'आपण' या तिन्हींना शब्द एकच, 'वी'. म्हणजे आजोबांनाही 'वी' आणि धाकट्या भावालाही 'वी'. आमच्या वर्गातला एकजण लगेच म्हणाला, "गुरुजी, मग तुम्हाला अरेतुरे करायचं का?" तसे नाही बाळा. तिथे सर्वांनाच सारखा मान.

प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या आधी 'चु' म्हणायचे, 'चिमणी'तला च घेऊन. 'वी लेगास' म्हणजे 'तू वाचतोस'. 'चु वी लेगास?' म्हणजे 'तू वाचतोस का?' आपला 'का' शेवटी येतो, त्यांचा 'चु' आधी येतो, एवढाच फरक.

एका शब्दाचे दहा शब्द

आता पाटीवरून सुचलेली ती युक्ती पाहू.

'माल' आधी लावला की उलट अर्थ होतो. बोना चांगला, मालबोना वाईट. ग्रांदा मोठा, मालग्रांदा लहान. साना निरोगी, मालसाना आजारी. आमिको मित्र, मालआमिको शत्रू. आपल्याकडे 'समाधान-असमाधान', 'इमान-बेइमान', 'हजर-गैरहजर' असे वेगवेगळे तुकडे लागतात. तिथे एकाच 'माल'वर भागते.

'एय' म्हणजे जागा, आपल्या 'खान्या'सारखा. लेर्नी शिकणे, लेर्नेयो शाळा. कुइरी शिजवणे, कुइरेयो स्वयंपाकघर.

'इस्त' म्हणजे ते काम करणारा. इन्स्त्रुई शिकवणे, इन्स्त्रुइस्तो शिक्षक.

'इल' म्हणजे साधन. त्रांची कापणे, त्रांचिलो सुरी.

'आर' म्हणजे समूह. आर्बो झाड, आर्बारो जंगल. वोर्तो शब्द, वोर्तारो शब्दकोश.

'इद' म्हणजे पिल्लू. हुंदो कुत्रा, हुंदिदो कुत्र्याचे पिल्लू. आपण मात्र वासरू, करडू, कोकरू, शिंगरू, पारडू असे वेगवेगळे शब्द शिकतो. पण खरे सांगू? हे शब्द मला सोडवत नाहीत. ज्याच्या गोठ्यात पारडू जन्मले आहे, त्याला 'म्हशीचे पिल्लू' म्हणून समाधान होणार नाही. सोपेपणात काही मिळते आणि काही जातेही.

अंक

उनु, दु, त्रि, क्वार, क्विन, सेस, सेप, ओक, नाउ, देक. झाले एक ते दहा. अकरा म्हणजे देक उनु, दहा-एक. वीस म्हणजे दुदेक, दोन-दहा. एकोणसाठ म्हणजे क्विनदेक नाउ, पाच-दहा-नऊ. शंभर म्हणजे सेंत, त्यातला स म्हणताना 'चोर'चा च म्हणायचा. तिसरीच्या मुलांनो, एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांत गोंधळणाऱ्यांनो, तुमची सुटका झाली!

आता दु, त्रि, सेप, नाउ पुन्हा म्हणा. द्वि, त्रि, सप्त, नव आठवतात ना? तसेच नोवा आणि नव, नोमो आणि नाम, देंतो आणि दंत. हा योगायोग नाही. झामेनहोफने शब्द बहुतेक लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इंग्रजी, रशियन, पोलिश अशा युरोपच्या भाषांतून घेतले. त्या भाषा आणि आपली संस्कृत-मराठी फार जुन्या काळच्या एकाच भाषेपासून निघाल्या आहेत. म्हणून चुलतभावंडांचे चेहरे जुळतात तसे हे शब्द जुळतात. 'मी'चा 'मी' जुळला तोही याच नात्याने.

उणीव कुठे आहे?

विद्यार्थ्याने फक्त स्तुती करू नये, तपासून पाहावे. सर्वांना समान असलेली भाषा म्हटली, पण शब्द जवळजवळ सगळे युरोपातले. मग चिनी, जपानी किंवा कानडी, तमिळ बोलणाऱ्या मुलाला ती शब्दांच्या बाबतीत जास्त परकी वाटणारच. दुसरे असे, पात्रो म्हणजे वडील आणि त्याला 'इन' जोडून पात्रिनो म्हणजे आई. सातवीच्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, आईचा शब्द बापाच्या शब्दातून का काढला? बापाचा आईतून का नाही?" प्रश्न बिनतोड आहे. एस्पेरांतो बोलणाऱ्यांतही यावर वाद आहेत.

पुढे काय झाले?

झामेनहोफने पहिल्या पुस्तकात चिठ्ठ्या छापल्या होत्या. एक कोटी लोकांनी वचन दिले तर मीही ही भाषा शिकेन, असे वाचकाने सही करून पाठवायचे. एक कोटी कुठले येणार! १८८९ साली त्याने भाषा शिकणाऱ्यांची पत्त्यांसह यादी छापली, तिच्यात एक हजार नावे होती. पण तो थांबला नाही. आणि लोकांनीही कोटी जमायची वाट पाहिली नाही. १९०५ साली फ्रान्समधल्या बुलोन गावी पहिले जागतिक संमेलन भरले. वीस देशांतून ६८८ माणसे आली. दुभाषा कोणी नव्हता. सगळे बोलत होते आणि सगळ्यांना कळत होते. त्यातल्या प्रत्येकाने ती भाषा शिकून घेतलेली होती. म्हणून तिथे कोणी कोणाच्या उच्चाराला हसण्याचा प्रश्नच नव्हता. यजमान कोणी नाही, परका कोणी नाही.

भाषा एक झाली की भांडणे मिटतील, ही त्याची आशा मात्र पुरी झाली नाही. पहिले महायुद्ध चालू असतानाच, १४ एप्रिल १९१७ रोजी, तो वॉर्सात वारला. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या लोकांनी त्याची तिन्ही मुले मारली. मुलगा आदाम याला १९४० साली गोळ्या घातल्या. झोफिया आणि लिडिया या मुलींना १९४२ साली त्रेब्लिंका येथील छळछावणीत मारले. रशियात स्तालिनच्या काळातही एस्पेरांतो बोलणाऱ्या अनेकांना पकडून ठार केले गेले. परदेशच्या माणसांशी पत्रे लिहितात, म्हणजे हेर असतील, असा संशय! ज्याला सगळ्यांवर सत्ता हवी, त्याला माणसांनी आपसात बोललेले आवडत नाही.

तरी भाषा टिकली. १९५४ साली युनेस्कोने तिच्या कार्याची दखल घेणारा ठराव केला. आजही तिच्यात पुस्तके निघतात, गाणी होतात, संमेलने भरतात. आईबाप दोन वेगळ्या देशांचे आणि घरात एस्पेरांतो, अशी काही कुटुंबे आहेत. तिथली मुले ती आईच्या भाषेसारखी बोलतात. इंटरनेटवरच्या विकिपीडिया ज्ञानकोशात एस्पेरांतोत तीन लाखांहून जास्त लेख आहेत, मराठीतल्यापेक्षा कितीतरी जास्त. कोट्यवधी मराठी माणसांनी याचा विचार करावा.

आणि आपली शाळा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. "तिने 'छ' लावला आणि आम्ही 'च' लावला, तर काय बिघडलं?"

फरक सांगतो. तुमचा 'च' मराठीवरचा बुरखा आहे. तो समोरच्याला कळू नये म्हणून घातला. तिचा 'छ' बुरखा नाही. तो तिच्या गोरबोलीतला 'आहे' आहे. तांड्यावर आईला 'याडी' म्हणतात आणि 'आहे'ला 'छ' म्हणतात. त्या बोलीत तिला अंगाई ऐकवली गेली. ती बोली 'कसलं तरी' नव्हे.

शनिवारी मी तिला फळ्याजवळ बोलावले. आधी ती येईना. म्हणाली, "गुरुजी, आमच्या बोलीचं पुस्तक नाही आपल्या शाळेत." मी म्हटलं, "पुस्तक नसलं म्हणून नियम नसतात का?" मग मी तिला 'मी शाळेत जाते', 'मी शाळेत गेले', 'मी शाळेत जाईन' ही तीन वाक्ये घरच्यासारखी सांगायला लावली. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. आणि 'च' लावणाऱ्या त्याच पोराने हात वर केला, "गुरुजी, शेवट बदलला की काळ बदलतो! एस्पेरांतोसारखंच!" पाहा, नियम सापडला. तिच्या तोंडी तो जन्मापासून होता.

नंतर कळले की मागच्या हंगामात तिचे आईबाप कर्नाटकातल्या फडावर होते. त्यामुळे तिला थोडी कानडीही येते. पाण्याला 'नीरु' म्हणतात हे तिनेच वर्गाला सांगितले. म्हणजे गोरबोली, मराठी, हिंदी आणि वर थोडी कानडी. आपल्या वर्गात सर्वांत जास्त भाषा जिला येतात, तिला आपण डबा घेऊन एकटे बसवले होते.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी मुद्दाम हौदाकडे गेलो. लिंबाखाली तीच मंडळी होती. ती मुलगीही त्यांच्यात बसली होती आणि कोणीतरी तिला समजावत होते, "पहिलं अक्षर शेवटी टाक आणि पुढे च लाव." तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "चडीया." याडी! सगळे पुन्हा हसले, पण या वेळी तीही हसत होती.

सगळ्या जगाची एक भाषा होईल की नाही, मला सांगता येत नाही. पण एका लिंबाखालची एक भाषा होऊ शकते, हे मी पाहिले.

सोडवा पाहू

१. 'लाबोरी' म्हणजे काम करणे. तर कामगाराला काय म्हणाल?
२. 'कोको' म्हणजे कोंबडा. कोंबडी आणि कोंबड्याचे पिल्लू यांचे शब्द बनवा.
३. 'जुना'चा उच्चार 'युना' करतात आणि अर्थ आहे तरुण. म्हाताऱ्याला काय म्हणाल?
४. बहात्तर आणि अठ्ठ्याण्णव एस्पेरांतोत लिहा.
५. अर्थ सांगा : 'शी लेगिस ला नोवान लिब्रोन.'
६. 'चोर'मधल्या च चे पाच आणि 'चिमणी'मधल्या च चे पाच शब्द लिहा.
७. घरी आजी-आजोबांना विचारून तुमच्या बोलीतले, पण पाठ्यपुस्तकात नसलेले पाच शब्द अर्थासह लिहून आणा. कोणत्याही बोलीतले चालतील. हसायचे मात्र नाही.

उत्तरे कागदावर लिहून, नाव-इयत्ता घालून कार्यालयाबाहेरच्या पेटीत टाकावीत. सातव्या प्रश्नातून आलेले शब्द पुढच्या भित्तिपत्रकात लावले जातील.

— तुमचे मराठीचे गुरुजी